समुद्रातले खोटे खडक

निळा मासा मेला तो जुलैच्या वीस तारखेला, सकाळी साडेनऊला, टेरेझाच्या हातातच.

हा काही कालवणात घालायचा मासा नव्हे. हे मोबाइलमधलं एक अ‍ॅप. परदेशी कंपनीचं. त्याचं खरं नाव इतकं वाकडं की उत्तनजवळच्या चौक गावात ते कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. चिन्ह निळ्या माशाचं, म्हणून सगळे त्याला निळा मासाच म्हणत. त्यात समुद्राचा नकाशा दिसायचा. पाण्याखाली कुठे खडक आहे, कुठे जहाजाचा सांगाडा बुडालेला आहे, याच्या खुणा त्यावर टाकता यायच्या. अशा जागी जाळं अडकलं की फाटलंच म्हणून समजा. एका बोटीने खूण टाकली की गावातल्या सगळ्या बोटींना ती लाल ठिपका होऊन दिसायची. आणि हे सगळं फुकट. फुकट ते पौष्टिक, यावर जगात कुठल्याच गावाचं दुमत नाही.

मच्छीमार सोसायटीची सेक्रेटरी म्हणून दोन वर्षांपूर्वी टेरेझानेच हे अ‍ॅप गावात आणलं होतं. एकेचाळीस बोटवाल्यांच्या दारात जाऊन, कोणाला दटावून, कोणाला चहा पाजून तिने प्रत्येकाकडून खुणा टाकून घेतल्या होत्या. ज्यांना चष्मा लागत होता पण लावायची लाज वाटत होती, त्यांच्या खुणा तिने स्वतःच्या अंगठ्याने टाकल्या होत्या.

त्या सकाळी ती शहरातल्या हाटकेशच्या बाजारात सुक्या बोंबलांच्या टोपलीमागे बसली होती. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू होती, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि ओली मासळी विकायला नव्हती. मोबाइल वाजला. तुमच्या विभागातली सेवा आम्ही बंद करत आहोत, तुमचं खातं गोठवलं आहे, तक्रार असल्यास अर्ज करा. टेरेझाने तिथल्या तिथे अर्ज केला. दोन सेकंदांत उत्तर आलं: तुमचा अर्ज मिळाला, कृपया वाट पाहा.

"कोणाची वाट बघू? तुझ्या बापाची?" टेरेझा मोबाइलला म्हणाली.

"काय झालं, मावशी?" समोर समिधा उभी होती. समिधा हाटकेशचीच. तिचे वडील रत्नागिरीहून येऊन इथल्या स्टीलच्या कारखान्यात लागले, आणि तिची आई गेली वीस वर्षं टेरेझाशिवाय कोणाकडून मासळी घेत नाही. पोरगी कॉम्प्युटरचं शिकली आणि एका कंपनीत लागली. सरकारी कचेऱ्यांची माहिती परदेशातल्या कॉम्प्युटरवरून उचलून देशातल्या कॉम्प्युटरवर आणायची, हे तिचं काम. तिने मोबाइल घेतला, वाचला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, तुमच्या सगळ्या खुणा आता कंपनीच्या मालकीच्या. तुम्ही सुरुवातीला 'मान्य' दाबलं होतंत ना, त्यात हे लिहिलंय."

"मी वाचलं न्हाय. कोण वाचतो गं ते?"

"कोणीच नाही. म्हणून तर त्यांचं दुकान चालतं."

आवळा देऊन कोहळा काढायची म्हण टेरेझाने शाळेत घोकली होती. परीक्षेत तिचा अर्थही लिहिला होता. आणि एवढं शिकूनसवरून तिने अख्ख्या गावाचा समुद्र एका आवळ्यावर दिला होता. पण खरं सांगायचं तर एकेचाळीस बोटींपेक्षा तिला त्या क्षणी एकच बोट आठवली. ती म्हणजे रॉयस्टनची.

रॉयस्टन हा तिच्या मैत्रिणीचा मुलगा. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातात धरणारी टेरेझा ही त्याची धर्ममाता. त्याचा बाप बास्त्याव हा गावातला पट्टीचा तांडेल, बोटीचा म्होरक्या. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. समुद्रातल्या जागांच्या खुणा बास्त्यावच्या डोक्यात होत्या, त्या डोक्याबरोबर गेल्या. रॉयस्टन तेव्हा गोरेगावच्या मॉलमध्ये चपला विकत होता. गेल्या वर्षी नोकरी सोडून त्याने बापाची बोट 'मारिया कृपा' पाण्यात घातली, ती या निळ्या माशाच्या भरवशावर. टेरेझानेच त्याला सांगितलं होतं, "घाबरतोस काय? नकाशा हाय ना."

पण सगळा हंगाम तो अर्धी टोपली, पाव टोपली घेऊन परत येत राहिला. लोक म्हणाले, बापाचा हात पोराला नाही. ते त्यालाही पटलं. आता तो बोट विकायला निघाला होता. सातपाटीचं गिऱ्हाईक येत्या रविवारी दुपारी येणार होतं. टेरेझा त्याला रोज समजावत होती की आणखी एक हंगाम बघ, नकाशा आता आणखी भरलाय. आणि तो नकाशाच गेला.

"काही करता येईल का गं?" तिने समिधाला विचारलं.

"खुणांची फाइल तीस दिवस उतरवून घेता येईल, असं दिसतंय. ती घेऊ आणि आपलाच नकाशा करू. सोसायटीच्या ऑफिसात एक छोटा कॉम्प्युटर ठेवायचा, सगळं त्याच्यात. किल्ली आपल्याकडे."

"एवढं सोपं हाय?"

"करायला सोपं आहे, मावशी. ठरवायला अवघड. मी रोज हेच बघतेय. मोठमोठे साहेब 'डिजिटल सार्वभौमत्व' म्हणून भाषणं करतात आणि भाषणाची फाइल परदेशातल्या कॉम्प्युटरवर ठेवतात."

"डिजिटल काय?"

"सार्वभौमत्व. म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं नाही."

"हां. मग तसं सांग ना," टेरेझा म्हणाली, आणि तिच्या पिशवीत मूठभर बोंबील जास्त टाकले.

शनिवारी दुपारी समिधा लॅपटॉप घेऊन, हाटकेशहून रिक्षा आणि पुढे बस करत चौकला आली. टेरेझाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने फाइल उघडली. पलीकडे टेरेझाचा नवरा पीटर चहा पीत बसला होता. पीटर जुना तांडेल. गुडघ्याने दगा दिला तेव्हापासून त्याची बोट पुतण्या चालवतो, आणि पीटर घरी बसून पुतण्याच्या चुका काढतो.

स्क्रीनवर किनारा उमटला. उत्तनचा दीपस्तंभ दिसला, डोंगरीची टेकडी दिसली. मग ठिपके यायला लागले. एक, दोन, दहा, पन्नास. खाली आकडा येऊन थांबला: दोनशे चौदा. समिधा बघतच राहिली. किनाऱ्यापासून आत दहा-बारा मैलांपर्यंत सगळा समुद्र गोवर उठल्यासारखा लाल झाला होता.

"एवढे खडक आहेत इथे?" तिने विचारलं. "मग तुम्ही मासे पकडता कुठे?"

पीटरने चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली. पहिल्यांदा तो नुसता हुं हुं करत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग चहा त्याच्या नाकातून बाहेर आला.

"अरे देवा! हा बघ, हा चेअरमन आग्नेलचा. इथं खडक? इथं घोळ मासळी मिळते, घोळ! आणि हा? इथं तर चिखल हाय नुसता, लोण्यासारखा. बोंबलांचं माहेर हाय ते!" तो डोळे पुसत म्हणाला. "टेरेझा, सगळ्यांनी आपापली चांगली जागा लपवली गं. तिथं खडक ठेवला, म्हंजे दुसरा कोणी जाळं टाकायला येणार न्हाय!"

समिधाने नकाशाकडे पाहिलं, पीटरकडे पाहिलं. "सगळ्यांनी?"

"दोनशे चौदात खरे असतील वीसेक. या नकाशाप्रमाणं गेलं ना, तर चौकची एक बोट जेट्टीच्या बाहेर पडायची न्हाय."

समिधाही मग हसायला लागली. परदेशी कंपनीने गावाचा समुद्र चोरला होता, आणि तो समुद्रच खोटा निघाला होता. इतका वेळ कंपनीवर चिडलेल्या टेरेझालाही हसू आवरेना. पण तिचं हसू मध्येच थांबलं.

दीपस्तंभाच्या बाहेरच्या बाजूला, थोडा सुटा असा एक ठिपका होता. तो तिच्या ओळखीचा होता. तो तिच्याच अंगठ्याने टाकलेला होता. त्या जागी पीटर आणि बास्त्याव तरुणपणापासून बोटी जोडीने नेत. दोघांशिवाय दुसऱ्या कोणा बोटवाल्याला ती जागा ठाऊक नव्हती. निळा मासा आला तेव्हा बास्त्यावला जाऊन वर्ष झालं होतं. पीटर म्हणाला होता, इथं खडक लाव. तिने विचारलंसुद्धा होतं, इथं कुठं खडक हाय? पीटर म्हणाला होता, लाव तू. आणि तिने लावला होता.

"पीटर," ती म्हणाली, "रॉयस्टन वर्षभर हाच नकाशा बघून जात होता."

पीटरचं हसणं विझलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला बाहेरच्यांची भीती होती गं," तो हळूच म्हणाला. "पोरगा बघल, हे डोक्यात आलंच न्हाय."

"सगळ्यांनी खोटं टाकलं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की सगळे खोटं टाकणार. ज्याला ठाऊक न्हाय असा एकच होता, त्यानं खरं मानलं." टेरेझाला रडू यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं. "आणि आपण म्हटलं, बापाचा हात पोराला न्हाय!"

समिधाने लॅपटॉप अर्धा मिटला. मग ती चाचरत म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटर मी उद्यासुद्धा बसवून देईन. पण त्यात हेच भरायचं असेल तर काय उपयोग? किल्ली आपली, कपाट आपलं आणि आत सगळं खोटं."

"उद्या मिटिंग हाय," टेरेझा नाक पुसत म्हणाली. "बघते मी."

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. निळा मासा मेल्याची बातमी फुटलेलीच होती. चेअरमन आग्नेल उठून परदेशी कंपन्यांवर बोलला. आपल्याला लुटलं, आपल्या बापजाद्यांचं ज्ञान लुटलं, असं टेबलावर हात आपटून म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना बरेचजण एकमेकांची नजर चुकवत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मागच्या रांगेत रॉयस्टन बसला होता, बोटीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. दोन वाजता गिऱ्हाईक येणार होतं.

टेरेझा उभी राहिली. रात्रभर तिने बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्यही तिला आठवेना.

"पहिला खोटा खडक माझा," ती म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती पुढे बोलत राहिली.

"दीपस्तंभाच्या बाहेर जे लाल ठिपके हायत, त्यातल्या एका जागी खडक न्हाय. तिथं पापलेट हाय. तो मी टाकला, जाणूनबुजून. मी तुमची सेक्रेटरी. तुम्हाला घरोघर येऊन सांगितलं की खरं टाका, आणि मी स्वतः खोटं टाकलं. मला काढायची तर काढा. पण कंपनीला चोर म्हणण्याआधी मला हे बोलायचं होतं."

आग्नेल खोकला. त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली, आत्ताच ज्या टेबलावर हात आपटला होता त्या टेबलाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माझे चार हायत."

"चार?" कोणीतरी ओरडलं. "मी तीनच टाकले, तरी मला लाज वाटत होती!"

"तू तीन? अरे, तुझ्या एका खडकाला वळसा घालण्यात माझं किती डिझेल गेलं!"

मग बांधच फुटला. जो तो उठून आपले खडक सांगायला लागला, दुसऱ्याचे मोजायला लागला. एकाने बुडालेल्या जहाजाचा आख्खा सांगाडा टाकला होता, वर त्याला नावसुद्धा दिलं होतं. त्यावर हॉल असा हसला की बाहेर पायरीवरची कुत्री उठून गेली. सगळे एकाच माळेचे मणी निघाल्याचा केवढा तरी आनंद झाला होता लोकांना.

रॉयस्टन उभा राहिला, आणि हसणं एकेका रांगेतून पुढे पुढे सरकत बंद पडलं.

"म्हणजे वर्षभर मी मासळीला प्रदक्षिणा घालत होतो?" त्याने विचारलं. कोणी वर बघेना. "माझ्या आईनं रोज मेणबत्ती लावली. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि तुम्ही... टेरेझा आंटी, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा," टेरेझा म्हणाली.

तो पिशवी उचलून बाहेर गेला.

त्याच्यामागे पहिला उठला तो पीटर, तोही काठी न घेता. टेरेझा काठी घेऊन त्याच्यामागे गेली. किनाऱ्यावर 'मारिया कृपा' ताडपत्रीखाली उभी होती, आणि रॉयस्टन तिच्या सावलीत वाळूवर बसला होता. पीटर गुडघ्याला शिव्या घालत त्याच्या शेजारी बसला.

"बोट विकायची तर वीक," पीटर म्हणाला. "पण ती जागा तुझ्या बापाची, म्हंजे तुझी हाय, ती घेऊन मग वीक. नीट ऐक. दीपस्तंभ डाव्या हाताला ठेवायचा. चर्चचा क्रूस डोंगरीच्या टोकावर चढला की इंजिन हळू करायचं. मागं वसईच्या बाजूला बघायचं..." पीटर सांगत गेला. वाळूत बोटाने त्याने रेषा ओढल्या, खोली सांगितली, भरतीला किती सरकायचं ते सांगितलं. सांगता सांगता तो एकदम म्हणाला, "तुझा बाप इथं नेहमी गाणं म्हणायचा. भसाडा आवाज. मासळी कशी पळत न्हवती देव जाणे."

रॉयस्टनला नको असताना हसू आलं. हसता हसता त्याचे डोळे भरले. टेरेझा काठी छातीशी धरून चार पावलांवर उभी होती. पुढे जायची तिची हिंमत झाली नाही.

दोन वाजता सातपाटीचं गिऱ्हाईक आलं. रॉयस्टनने त्याला टेरेझाच्या घरी नेऊन पोटभर जेवू घातलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

त्याच आठवड्यात समिधाने कॉम्प्युटर बसवला. चपलेच्या खोक्याएवढा होता तो, सोसायटीच्या पोलादी कपाटात मावला. आग्नेलचा विश्वासच बसेना की एवढ्याशा डब्यात दीपस्तंभापासून पुढचा समुद्र राहील. किल्ली कोणाकडे ठेवायची, यावर मात्र तासभर वाद झाला. शेवटी पीटरने कोपऱ्यातली जुनी पेटी दाखवली. सोसायटीच्या त्या पेटीला पहिल्यापासून तीन कुलपं. गावाच्या तीन आळ्यांकडे एकेक किल्ली. तिघं जमल्याशिवाय ती उघडत नाही. समिधाचा चेहरा उजळला. म्हणाली, "काका, आमच्या ऑफिसात यावर चार महिने मिटिंगा चालल्यात!" तिने पासवर्डचे तीन तुकडे केले. आग्नेलने आपला तुकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला, तेव्हा तिने त्याला शाळेतल्या पोरासारखं झापलं आणि नवा तुकडा दिला.

नियमही ठरले. खडक टाकणाऱ्याने खाली स्वतःचं नाव लिहायचं, म्हणजे खोटं निघालं तर कोणाच्या दारात जायचं ते कळेल. मासळीची जागा मात्र कोणी कोणाला सांगायची गरज नाही. ती ज्याची त्याने वेगळ्या कप्प्यात कुलपात ठेवायची, आणि सोबत एक वारस लिहायचा. माणसाचं काही बरंवाईट झालं तर तिघं किल्लीवाले जमून तो कप्पा त्या वारसाला उघडून देतील. हे टेरेझाने सुचवलं. या एका नियमावर कोणीच वाद घातला नाही. लपवायची मुभा मिळाल्यावर खोटं बोलायची कोणाला गरज उरली नाही. लाल ठिपके उरले तेवीस.

ऑगस्टच्या एक तारखेला बोटी गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी 'मारिया कृपा' परत आली तेव्हा पाण्यात इतकी खाली बसली होती की पीटर जेट्टीवरूनच ओरडायला लागला. पापलेटांच्या टोपल्या उतरता उतरेनात. रॉयस्टनचा आवाज बसला होता.

"गाणं म्हणत होतो," तो म्हणाला. मग टेरेझाकडे वळून त्याने भुवया उंचावल्या. "आंटी, एक गंमत झाली. बाहेरचे दोन मोठे ट्रॉलर सरळ आमच्या जागेवर चालून येत होते. मला वाटलं, गेलं आता सगळं. आणि अगदी जवळ आल्यावर दोघं लांबून वळसा घालून निघून गेले. कशाला घाबरले कोणास ठाऊक."

समिधाने संध्याकाळपर्यंत ते शोधून काढलं. निळ्या माशाच्या कंपनीने जमवलेल्या खुणांचा नवा नकाशा काढला होता, आणि तो चांगली किंमत लावून मोठ्या ट्रॉलरवाल्यांना विकायला सुरुवात केली होती. त्यात चौकसमोरचा समुद्र लालभडक होता. वर धोक्याची सूचनाही होती: या भागात जाळं टाकू नये.

सोसायटीच्या ऑफिसात पुन्हा एकदा हशा पिकला. आग्नेलला मात्र चेअरमन म्हणून जबाबदारी वाटली. "आपण त्यांना कळवायला पायजे का, की त्या खुणा खोट्या हायत?"

टेरेझाने मोबाइल काढून त्याला दाखवला. तिच्या अर्जाखाली अजून तीच ओळ होती: कृपया वाट पाहा.

"त्यांनीच सांगितलंय," ती म्हणाली. "वाट बघू या."

गर्दी पांगल्यावर रॉयस्टन कपाटाजवळ आला. त्याला आपली जागा कुलपात ठेवायची होती. समिधाने स्क्रीनवर कप्पा उघडून दिला. जागेचं नाव विचारलं तिथे त्याने 'बास्त्याव' लिहिलं. खाली वारसाचं नाव विचारलं होतं. तिथे तो क्षणभर थांबला, आणि त्याने 'टेरेझा' लिहिलं.

"वेड लागलंय काय?" टेरेझा म्हणाली. "मी तुझ्याआधी जाणार रे."

"लग्न झालं की बदलीन. तोवर तुम्ही सांभाळा."

"आणि मी पुन्हा खडक लावला तर?"

"लावलात तर तुम्हीच उभं राहून सांगाल," रॉयस्टन म्हणाला. "तशी माणसं गावात किती हायत?"

समिधाने खुर्ची टेरेझाकडे सरकवली आणि वारसाची संमती म्हणून कुठे दाबायचं ते दाखवलं. टेरेझाने चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळ दोनदा वाचली. बाहेर बस यायची वेळ झाली होती आणि समिधा घड्याळ बघत होती, तरी तिने घाई केली नाही. मग तिने आपला अंगठा पदराला पुसला आणि 'मान्य' दाबलं.